सीट नंबर २७ बी

"मराठी विभागासाठी काहीतरी लिही ना," असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने कॅन्टीनमध्ये सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. शाळेच्या आवारात मराठी बोललं की दोन रुपये दंड! माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची अवस्था आमच्या लॅबमधल्या पीसीसारखी आहे, चाललं तर चाललं. पण गेल्या सेमिस्टरला एक गोष्ट अशी घडली, की ती मी घरी मराठीत भांडले, मैत्रिणीला मराठीत सांगितली आणि माझ्या डोक्यातही ती मराठीतच फिरते आहे. म्हणून हा प्रयत्न. चुका पोटात घाला.

सुरुवात आजीपासून होते. मागच्या वर्षी आत्तेभावाच्या लग्नाला पुण्याहून नागपूरला जायचं होतं. आजीचे गुडघे रेल्वेला नको म्हणत होते, म्हणून बाबांनी आम्हा दोघींची स्वस्तातल्या विमानाची तिकिटं काढली. कंपनीचं नाव घेत नाही. आजीचा हा पहिलाच विमानप्रवास. नवीन नऊवारी, डब्यात दशम्या, सगळी जय्यत तयारी. बोर्डिंग पास हातात आले तर मी ९ एफ आणि आजी २७ बी! बी म्हणजे मधली सीट, दोन्हीकडे अनोळखी माणसं. काउंटरवरच्या मुलीने अगदी गोड आवाजात सांगितलं, "मॅम, सीट सिलेक्शन इज चार्जेबल." आम्ही जादा पैसे भरले नव्हते, म्हणून कॉम्प्युटरने आम्हाला दोन टोकांना टाकलं होतं. विमान सुटताना मी मान वळवून वळवून मागे बघत होते. अठरा रांगांपलीकडे आजीचा फक्त अंबाडा दिसत होता. उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, "अगं, पट्टा कसा सोडायचा ते कुणाला विचारावं तेच कळेना."

तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टचा विषय त्या दिवशीच ठरला. एका बुकिंगमधली माणसं, त्यातही म्हातारी माणसं आणि लहान मुलं, शक्यतो एकत्र बसतील असं सीट वाटपाचं सॉफ्टवेअर. आमच्या ग्रुपमध्ये तिघं होतो: मी, माझी रूममेट आणि ओंकार. ओंकार म्हणजे आमचा हुकमी एक्का. कोडिंग त्याचं, बोलणं त्याचं, आणि स्वप्नंही त्याचीच. पहिल्याच मीटिंगला त्याने जाहीर केलं, "आपण याचं पेटंट घ्यायचं!"

गाईड मॅडम शांतपणे म्हणाल्या, "घ्या की. पण आधी जगात कोणी हे केलंय का ते शोधा. दोन आठवडे फक्त प्रायर आर्ट. कोडची एक ओळही लिहायची नाही."

ते काम माझ्या गळ्यात पडलं, कारण "तुझं इंग्लिश चांगलं आहे ना!" कॉन्व्हेंटचा असाही उपयोग होतो, मित्रांनो.

मी आधी हा धंदा कसा चालतो तेच वाचायला घेतलं. स्वस्त विमानसेवेचं गाजलेलं गाव म्हणजे अमेरिकेतलं टेक्सास. तिथे साउथवेस्ट एअरलाइन्सचं पहिलं विमान १८ जून १९७१ ला उडालं. डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो ही तीन शहरं आणि मोजकी विमानं. १९७२ मध्ये पैशांची इतकी ओढाताण झाली की चारपैकी एक विमान विकावं लागलं. पण वेळापत्रक मात्र चार विमानांचं होतं! मग त्यांनी उतरलेलं विमान दहा मिनिटांत परत उडवायला सुरुवात केली. सगळ्या धंद्याचं गुपित इथेच आहे. विमान जमिनीवर उभं असलं की नुसता खर्च, हवेत असलं की कमाई. एकाच जातीची विमानं ठेवायची, म्हणजे पायलटांचं प्रशिक्षण आणि सुटे भाग एकच. तिकीट आपलं आपण विकायचं, म्हणजे एजंटचं कमिशन वाचतं. आणि साउथवेस्टची खासियत म्हणजे सीट नंबरच द्यायचा नाही. या, रांगेत चढा, जागा दिसेल तिथे बसा. अगदी आपल्या लाल डब्यासारखं! फक्त खिडकीतून रुमाल टाकता येत नाही एवढाच फरक. ही पद्धत त्यांनी पन्नासहून जास्त वर्षं चालवली आणि २७ जानेवारी २०२६ पासून बंद करून नंबरवाल्या सीट आणल्या. आपल्याकडे कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ साली एअर डेक्कन सुरू केली ती साधारण याच हिशोबाने.

आता गंमत बघा. तिकीट स्वस्त, म्हणून कमाई वरच्या गोष्टींवर. सीट निवडायची तर पैसे, बॅग टाकायची तर पैसे, खायला हवं तर पैसे. आणि हे सगळं विकतं कोण? वेबसाइट आणि मोबाइल. म्हणजे विमान कंपनी बाहेरून विमान कंपनी दिसते, पण आतून ती एक सॉफ्टवेअर कंपनीच आहे. आणि जिथे सॉफ्टवेअर, तिथे अमेरिकेत पेटंट.

शोधता शोधता मला जे सापडलं त्याने माझी झोप उडाली. २०१० साली सीट्स नावाच्या एका अमेरिकन कंपनीने टेक्सासच्या कोर्टात खटला भरला होता. (नाव ऐकायला 'सीट्स', स्पेलिंग वेगळं.) त्यांचं म्हणणं असं, की इंटरनेटवर विमानाचा नकाशा बघून आपल्याला हवी ती सीट निवडायची कल्पना आमच्या पेटंटमध्ये आहे. आणि प्रतिवादी कोण? कॉन्टिनेंटल, डेल्टा, युनायटेड, यूएस एअरवेज, अलास्का आणि त्यांच्या जोडीला स्वस्तातल्या जेटब्लू, एअरट्रान आणि व्हर्जिन अमेरिका. शिवाय कार्यक्रमांची तिकिटं विकणारी टिकेटमास्टर. मोठी यादी!

त्या यादीत साउथवेस्टचं नाव नाही. ज्यांच्याकडे तेव्हा सीट निवडायचीच नसायची त्यांच्यावर सीट निवडण्याबद्दल दावा कसा करणार? मला वाचताना फार मजा वाटली. पण मे २०११ मध्ये साउथवेस्टने एअरट्रान ही कंपनीच विकत घेतली. म्हणजे खटला चालू असलेली सून घरात आली आणि तिच्याबरोबर तिचा खटलाही!

मार्च २०१२ मध्ये ज्युरीने निकाल दिला, आणि तो मला तीन वेळा वाचावा लागला. ज्युरी म्हणाली, होय, विमान कंपन्यांनी पेटंटमधली कल्पना वापरली आहे. पण ती पेटंटंच अवैध आहेत, कारण त्यात आधी नसलेलं, नवीन असं काही नाही. वरच्या कोर्टानेही पुढच्या वर्षी हाच निकाल कायम केला. म्हणजे कंपन्या सुटल्या. पण सुटण्याआधी दोन वर्षं वकील, कागदपत्रं, साक्षी. अमेरिकेत सहसा ज्याने त्याने आपल्या वकिलाचा खर्च आपणच करायचा असतो, जिंकलात तरी. कमी नफ्यावर चालणाऱ्या धंद्याला ही गोष्ट केवढ्याला पडत असेल याचा विचार करा. म्हणूनच तिकडच्या कंपन्या वार्षिक अहवालात धोक्यांची यादी देतात, तेव्हा इंधनाचे भाव, वादळं आणि संप यांच्याबरोबर पेटंटच्या दाव्यांनाही जागा मिळते.

मी म्हटलं, पण विमान कंपनी तर सॉफ्टवेअर बाहेरून विकत घेते. मग दावा बनवणाऱ्यावर लावा ना! तर कायदा तसा नाही. पेटंट असलेली वस्तू बनवणं जसं मना आहे तसं ती वापरणंही मना आहे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ४८ सुद्धा हेच सांगतं. म्हणजे वापरणाराही अडकतो. फार तर विकणाऱ्याशी करार करून ठेवायचा, की असं काही झालं तर भरपाई तुम्ही द्या.

आणखी एक गोष्ट. २०२४ साली इंटलेक्च्युअल व्हेंचर्स या कंपनीने साउथवेस्ट आणि अमेरिकन एअरलाइन्स दोघांवर दावे लावले. ही कंपनी मायक्रोसॉफ्टचे माजी तंत्रज्ञानप्रमुख नेथन मिरवोल्ड यांनी २००० साली काढली, आणि तिचा मुख्य धंदा म्हणजे पेटंट गोळा करून ती वापरण्याचे पैसे घेणं. आरोप कशाबद्दल? विमानातल्या वायफायबद्दल आणि कुबरनेटीससारख्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या वापराबद्दल. कुबरनेटीस! आम्ही लॅबमध्ये फुकट डाउनलोड करून वापरतो ते! फुकट मिळालं म्हणजे त्यावर कुणाचा दावा नाही, असं मी धरून चालले होते. ते दोन वेगळे प्रश्न आहेत हे मला त्या दिवशी कळलं. आरोप म्हणजे निकाल नव्हे हे मान्य, पण माझ्या अंगावर काटा आला.

मग मी ओंकारला सगळं सांगितलं. नकाशावर सीट निवडण्यावर पेटंट घेतलेली होती, एकत्र बुकिंग केलेल्यांना एकत्र बसवण्याबद्दलही लोकांनी आधी अर्ज केलेले दिसत होते. शिवाय आपल्या कायद्याच्या कलम ३ (के) प्रमाणे नुसता कॉम्प्युटर प्रोग्राम, अल्गोरिदम किंवा धंद्याची पद्धत यावर भारतात पेटंट मिळतच नाही. आमचं तर तिन्ही होतं!

ओंकार थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "हे रिपोर्टमध्ये टाकू नको."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला सापडलंच नाही असं समज. एक्स्टर्नलला काय स्वप्न पडणार आहे? नॉव्हेल्टीला मार्क्स असतात. आणि ऑनलाइन अर्जाला सोळाशे रुपये लागतात, तिघांत वाटून घेऊ. 'पेटंट फाइल्ड' असं रेझ्युमेवर लिहिता येतं. मिळालं की नाही कोण विचारतंय?"

खरं सांगते, मला मोह झाला. पुढच्या वर्षी प्लेसमेंट आहे. 'पेटंट फाइल्ड' हे दोन शब्द किती जड दिसतात ते तुम्हालाही माहीत आहे. मी "विचार करते" म्हटलं आणि शनिवारी घरी गेले.

आमचं घर भोसरीला. बाबांचं छोटं वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी, एक लेथ आणि पाच कामगार. रात्री जेवताना मी ही सगळी रामायणं सांगितली. मला वाटलं होतं बाबा पेटंटवाल्यांना शिव्या घालतील. मीच घालत होते ना! "काही बनवायचं नाही, विमान उडवायचं नाही, नुसते कागद घेऊन बसायचं आणि दुसऱ्याच्या कमाईत वाटा मागायचा. तिकडे त्यांना ट्रोल म्हणतात बाबा, ट्रोल."

बाबा भात कालवत म्हणाले, "आणि ज्याच्याकडे कागद नसतो त्याला काय म्हणतात?"

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. मी चौथीत असेन तेव्हाची. एका कंपनीचं कास्टिंग मशिनिंगला यायचं. ते पकडायला चार बोल्ट आवळावे लागत आणि एका जॉबला अकरा मिनिटं जात. बाबांनी दोन महिने रात्री जागून एक फिक्श्चर तयार केलं, एकच हँडल दाबलं की जॉब पक्का. अकराची सात मिनिटं झाली. कंपनीचे साहेब येऊन बघून गेले, पाठ थोपटली, "अप्रूव्हलसाठी ड्रॉइंग द्या" म्हणाले. बाबांनी दिलं. तीन महिन्यांनी ऑर्डर बंद. पुढे चाकणला दुसऱ्या एका व्हेंडरकडे बाबा काही कामाला गेले, तर त्याच्या मशीनवर तेच फिक्श्चर! हँडलचा लाल रंगसुद्धा तोच. त्या व्हेंडरला बिचाऱ्याला माहीतही नव्हतं. त्याला कंपनीने ड्रॉइंग दिलं, त्याने बनवलं.

"तुम्ही भांडला नाहीत?"

"कशावर भांडू? ड्रॉइंगवर ना माझं नाव ना तारीख. बिलात काय लिहिलं होतं? 'मशिनिंग चार्जेस.'"

आई मध्येच म्हणाली, "त्या वर्षी तुझी सायकल राहिली होती बघ." मला ते आठवत होतं. मी हट्ट करून रडले होते. आई-बाबांनी कारण सांगितलं नव्हतं.

मी नंतर बराच वेळ गच्चीवर बसले. सीट्सचा खटला माझ्या डोक्यात उलटा फिरायला लागला होता. समजा, ती कल्पना खरोखरच त्यांचीच पहिली असती तर? मग एवढ्या मोठ्या विमान कंपन्यांसमोर उभं राहणारा माणूस मला ट्रोल वाटला असता, की बाबांसारखा? ज्युरीने नाही म्हटलं, ते ठीक. पण 'नाही' म्हणण्याआधी त्यांनी बसून जुने कागद तपासले. कोणाचं आधी, कोणाचं नंतर, हे तारखांवरून ठरवलं. बाबांच्या बाबतीत तपासायला कागदच नव्हता. आणि चाकणचा तो व्हेंडर? तो विमान कंपनीच्या जागी. दुसऱ्याने दिलेलं वापरतोय, चोरी केल्याचं त्याला ठाऊकही नाही.

पेटंटने चांगलं काही होतंच नाही असंही नाही. विमानाच्या पंखाचं टोक वर वळलेलं असतं ना, तो ब्लेंडेड विंगलेट. लुई ग्रॅट्झर यांचं त्यावरचं पेटंट १९९४ चं. पंखाच्या टोकाला हवा खालून वर गुंडाळली जाऊन भोवरे तयार होतात, ते या वाकामुळे कमी होतात आणि इंधन वाचतं. स्वस्त विमान कंपनीला याहून प्रिय काय असणार! एअरबसने स्वतःचे शार्कलेट काढले आणि ते लावलेलं पहिलं ए-३२० डिसेंबर २०१२ मध्ये एअरएशिया या स्वस्त कंपनीलाच मिळालं. त्याच्या वर्षभर आधी, डिसेंबर २०११ मध्ये, एअरबस आणि विंगलेटवाली एव्हिएशन पार्टनर्स कोर्टात गेल्या होत्या, शार्कलेट त्या पेटंटमध्ये बसतं की नाही यावरून. शेवटी तडजोड झाली. पण त्या पेटंटमागे एक खरी वस्तू होती, खरं गणित होतं आणि कुणाच्या तरी जागलेल्या रात्री होत्या. तशा रात्री आमच्या प्रोजेक्टमागे होत्या का? प्रामाणिकपणे सांगायचं तर, आजीचा अंबाडा सोडला तर आमच्याकडे स्वतःचं फार काही नव्हतं.

सोमवारी मी ओंकारला सांगितलं की सापडलेलं सगळं मी रिपोर्टमध्ये घालणार. तो भडकला. "तू आधी मार्क्स बघ, मग तत्त्वं बघ," म्हणाला. मी म्हटलं, "ज्याचं आधीचं आहे त्याचं नाव लिहायला काय जातं?" "आपले मार्क्स जातात!" रूममेट बिचारी मध्ये सापडली. दोन आठवडे आम्ही एकमेकांशी फक्त कोडमधल्या कॉमेंट्समधून बोललो. शेवटी मॅडमकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "उद्या तुमचा रिपोर्ट कुणी कॉपी केला आणि तुमचं नाव काढलं, तर चालेल?" ओंकार काही बोलला नाही. पण पेटंटचा विषयही त्याने परत काढला नाही.

रिपोर्टचं दुसरं प्रकरण 'पूर्वी झालेलं काम' असं, आणि त्यात सगळी पेटंटं, खटल्याच्या निकालासकट. तिसऱ्या प्रकरणात आम्ही काय वेगळं केलं ते. ज्येष्ठ माणूस आणि लहान मूल असलेल्या बुकिंगला जास्त वजन द्यायचं, आणि सीट विकून येणारे पैसे किती कमी होतात तेही बाजूला दाखवायचं, म्हणजे कंपनीला निर्णय घेता येईल. १८० सीटच्या विमानावर आम्हीच तयार केलेल्या खोट्या बुकिंगने ते चालवून बघितलं. एवढंच.

ओरल्सला एक्स्टर्नल सरांनी दुसरं प्रकरण उघडलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "सगळं आधीच झालंय, मग तुम्ही काय केलंत?" माझी बोबडी वळली. उत्तर दिलं ओंकारने! "सर, काय झालंय ते आधी शोधलं, म्हणून काय उरलंय ते कळलं." पन्नासपैकी अडतीस मिळाले. शेजारच्या ग्रुपला चव्वेचाळीस, त्यांच्या रिपोर्टमध्ये पूर्वीच्या कामाचं एकच पान होतं. असो. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. संध्याकाळी ओंकारने कटिंग पाजला आणि पैसे त्यानेच दिले, एवढं इथे नोंदवून ठेवते.

सुट्टीत मी बाबांना एक जाड वही आणून दिली. पानांवर नंबर छापलेली. सांगितलं, नवीन फिक्श्चर सुचलं की आधी यात काढायचं, खाली सही आणि तारीख, आणि ड्रॉइंग बाहेर देताना समोरच्याची सही घ्यायची. बाबा हसले. "या वयात होमवर्क?" म्हणाले. परवा घरी गेले तेव्हा वर्कशॉपच्या टेबलावर ती वही ऑइलचे डाग पडलेली दिसली. उघडून बघितली. पहिल्या पानावर ते जुनंच फिक्श्चर, आठवणीतून काढलेलं, लाल हँडलसकट. खाली सही. आणि तारीख मात्र आजची, कंसात लिहिलेलं, 'मूळ कल्पना जुनी, कागद नवा.'

आजीला पुढच्या महिन्यात परत नागपूरला जायचं आहे. या वेळी मी सीटचे जादा पैसे भरलेत. १२ ए आणि १२ बी. खिडकी तिला.